रिले चिकटला तरी काउंटर पळत होता

चाकणच्या आमच्या टेस्ट लॅबमध्ये हेडलॅम्प रिलेचा (दिवा चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा) एन्ड्युरन्स रिग, म्हणजे तो पुन्हा पुन्हा चालवून टिकाऊपणा तपासणारी यंत्रणा, रात्रभर १३.५ व्होल्टवर चालतो. कॉन्टॅक्ट वेल्ड झाला, म्हणजे रिलेचे आतले जोड चिकटून बसले, तरी सकाळी सायकलचा (एकदा चालू-बंद) आकडा पूर्ण! कारण काउंटर पीएलसीचा (रिग चालवणाऱ्या कंट्रोलरचा) आउटपुट मोजायचा, रिलेचं काम नव्हे.

लोडच्या (दिव्याच्या) वायरवर करंट ओळखणारा हॉल सेन्सर बसवला. करंट चढला आणि बंद करताच शून्यावर आला, तरच सायकल धरायची. नाहीतर रिग आपोआप थांबतो. दिव्याची थंड फिलामेंट (आतली तार) सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते, म्हणून रीडिंग २०० मिलिसेकंदांनी घेतो. कॉन्टॅक्टवरचा व्होल्टेज ड्रॉपही (तिथे वाया जाणारा व्होल्टेज) नोंदवतो; कॉन्टॅक्टच्या अवस्थेची खरी माहिती त्यातच असते.

एक मात्र सांगतो: प्रत्यक्ष गाडीत नसेल तर टेस्टमध्येही रिलेच्या कॉइलला (कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्याला) साधा डायोड, म्हणजे बंद करतानाचा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग, लावू नका. रिले सावकाश सुटतो, कॉन्टॅक्ट जास्त जळतात आणि निकाल फसवा येतो.