हंसराजाची गुणसूत्रं मोजताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात एमएस्सीची पोरं चिखलदऱ्याहून हंसराजासारखे नेचे (फर्न) घेऊन येतात आन् दर पावसाळ्यात त्याच चुका, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मायोसिसच्या (बीजाणू बनतानाच्या, गुणसूत्रं जोडीनं लागतात त्या विभाजनाच्या) स्लाइडवर आकडा दिसला की लगेच दुप्पट करायचा. दोन वर्षांआधी एक पोट्टा धावत आला, सर, हंसराजात ९० जोड्या! स्लाइड खरंच सुरेख होती, मी स्वतः मोजल्या, ९०च. त्याचा हिशोब तयार: झाडात १८०, अॅडिएंटमची, म्हणजे हंसराजाच्या जीनसची, मूळ संख्या (एका संचातली गुणसूत्रं) ३०, म्हणजे हेक्साप्लॉइड (सहा संचांचं), म्हणजे नवी जात. मी इचारलं, बाबू, स्पोर (बीजाणू) मोजले का? नव्हते मोजले. न फुटलेली पिकली बीजाणुधानी, म्हणजे स्पोरांची पिशवी, काचेवर फोडली तर स्पोर ३२. साध्या सेक्शुअल झाडात ६४ असतात, १६ मातृपेशींचे चार-चार. इथं मायोसिसच्या आधीचं शेवटचं विभाजन अर्ध्यावर थांबते, मातृपेशी ८च राहतात, गुणसूत्रं मात्र दुप्पट होतात आन् प्रत्येक आपल्याच नकलेशी जोडी लावते, म्हणून ९० जोड्या. मग स्पोरात ९०, त्या स्पोरातून उगवलेल्या प्रोथॅलसवर (छोट्या हिरव्या चकतीवर) फलन न होताच नवं झाड उगवते, त्यातही ९०. म्हणजे झाड ट्रिप्लॉइड (तीन संचांचं) आन् अपोगॅमस (फलनाशिवाय वाढणारं), आपल्या हंसराजात, म्हणजे अॅडिएंटम फिलिपेन्समध्ये, हे आधीपासून माहीत आहे. पोट्ट्याचे दोन महिने वाचले असते. मी तर पहिले ३२ का ६४ ते बघतो, मगच कार्माइनची, म्हणजे गुणसूत्रं रंगवायच्या रंगाची, बाटली उघडतो.

दुसरं म्हणजे फिक्स करायला, म्हणजे पेशी आहे तशा औषधात थांबवायला, उशीर. पानं पॉलिथिनमध्ये कोंबून एसटीनं घाट उतरून परतवाड्याला आणायची आन् रात्री फिक्स करायची, हे काहून करता राजेहो? एक भाग ग्लेशियल अॅसिटिक, तीन भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल, तिथंच झाडापाशी मिसळा. तपकिरी सोरस (बीजाणुधान्यांचे पुंजके) घेऊ नका, त्यात मायोसिस होऊन गेलेला असते. पानाची दुमडलेली कड सुईनं उचला, खाली पांढुरके-हिरवट, काचेसारखे दाणे दिसले तर तेच पान.

एकच पेशी मोजून आकडा लिहू नका. २८ दिसले तर ३० करून तर अजिबात नाही, दुसरी पेशी शोधा.

आन् नुसत्या आकड्यावरून कुळ ठरवू नका. अॅस्प्लेनियम या नेच्याची मूळ संख्या ३६, क्रिस्टेलाचीही ३६, कुळं मात्र वेगळी. उलट टेरिसची २९ आन् अॅडिएंटमची ३०, तरी २०१६च्या पीपीजी (नेच्यांच्या अभ्यासकांच्या गटाच्या) वर्गीकरणात दोघंही टेरिडेसी कुळातच. आकडा मोठा म्हणून झाड प्रगत, असंही नसते. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटम या नेच्यात १२६० मोजलेत, झाड बोटभर.

ज्या झाडाचा सोरस फिक्स केला त्याच झाडाचं पान दाबून हर्बेरियम शीट करा, बाटलीवर अन् शीटवर एकच नंबर, पेन्सिलनं. शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.