कॉग्निटिव्ह मॉडेलिंगला येताय? आधी माझे सहा महिने कुठे गेले ते ऐका

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला, दादा बीई कॉम्प्युटर झालंय, सायकॉलॉजीची आवड आहे, कॉग्निटिव्ह मॉडेलिंगमध्ये यायचंय तर सुरुवात कुठून करू. हा प्रश्न वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि मी दरवेळी तुकड्यातुकड्यात काहीतरी सांगतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी इंजिनिअरिंगकडून आलोय, त्यामुळे सायकॉलॉजीवाल्यांना काही गोष्टी एकांगी वाटतील, तेवढं चालवून घ्या.

घरी अजून कोणालाच नीट कळलेलं नाही मी काय करतो ते. आत्या कुठल्या लग्नात भेटली की विचारते, "एआयच ना रे तुझं?" आणि मी हो म्हणतो, पंगतीत बसून कोण समजावत बसणार. पण खरं तर आमचा धंदा, म्हणजे माणूस कसा शिकतो नि ठरवतो याचं गणिती मॉडेल बनवणं, जवळजवळ उलटा आहे. एआयवाल्याला मशीनकडून बरोबर उत्तर हवं असतं, आम्हाला मात्र माणूस जिथे चुकतो तिथेच मॉडेलही चुकायला हवं असतं, साधारण तेवढ्याच वेळा, आणि जमलं तर तेवढाच वेळ घेऊन.

सगळ्यात सोपं मॉडेल सांगतो, बाकीचं पुढे यावरच चढत जातं. समजा कॉलेजबाहेर दोन वडापावच्या गाड्या आहेत आणि तुम्ही गावात नवीन आहात. दोन्हींबद्दल मत सारखंच, म्हणजे ०.५ धरू. पहिल्या गाडीवर खाल्लं, मस्त निघालं, म्हणजे १ मिळाला. अपेक्षा होती ०.५, मिळाला १, फरक ०.५. या फरकातला किती भाग तुम्ही मनावर घेता तो तुमचा लर्निंग रेट, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ०.२ असेल तर नवीन मत ०.६. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर तेल जुनं, वडा गार, म्हणजे ०, तर मत ०.६ वरून ०.४८ वर येतं. झालं, एवढंच. रेस्कोर्ला आणि वॅगनर यांनी १९७२ साली प्राण्यांच्या शिकण्यासाठी जे समीकरण मांडलं त्याचाच हा साधा अवतार आहे.

आता मत एक आणि वागणं दुसरं. समजा मत पहिल्या गाडीबद्दल ०.६, दुसरीबद्दल ०.५, तर माणूस दरवेळी पहिल्याच गाडीवर जाईल का? नाही ना, म्हणून दुसरा आकडा लागतो, बीटा, म्हणजे मतातला फरक तुम्ही किती ठामपणे पाळता. बीटा ५ असेल तर पहिल्या गाडीवर जायची शक्यता साधारण ६२ टक्के, २० असेल तर ८८ टक्के. अल्फा आणि बीटा, हे दोन आकडे लक्षात ठेवा, माझी वाट यांनीच लावली.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे ४२ जणांचा डेटा होता. दोन बटणं, एकावर ७० टक्के वेळा पॉइंट मिळतो, दुसऱ्यावर ३० टक्के, प्रत्येकाच्या ६० ट्रायल, म्हणजे ६० वेळा बटण निवडायचं. मी इंजिनिअर, कोड दोन दिवसांत लिहून टाकला, प्रत्येकाचा अल्फा-बीटा काढला, जास्त टेन्शन घेणाऱ्यांचा आणि बाकीच्यांचा अल्फा वेगळा निघाला, पी व्हॅल्यू ०.०३, मी खूश, पोस्टर छापून तयार. गाइड मॅडमनी पोस्टर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे मॉडेल तू स्वतः कधी खेळवून बघितलंस का रे?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांचं म्हणणं असं की माणसांचा डेटा बाजूला ठेव, कॉम्प्युटरलाच पार्टिसिपंट कर, अल्फा ०.३ आणि बीटा ५ दे आणि ६० ट्रायल खेळू दे. मग हा खोटा डेटा तुझ्याच कोडमध्ये घाल, बघ ०.३ आणि ५ परत मिळतात का. मी केलं. कधी अल्फा ०.८ आणि बीटा २ आला, कधी अल्फा ०.०५ आणि बीटा ३०. हळू शिकून ठाम निवडणारा आणि पटकन शिकून डळमळत निवडणारा, ६० ट्रायलमध्ये दोघं जवळपास सारखेच दिसतात, एक आकडा दुसऱ्याची चूक झाकतो. म्हणजे ज्या अल्फावर मी पोस्टर केलं तो आकडा माझा कोड ओळखूच शकत नव्हता. पोस्टर अजून खोलीत कपाटामागे आहे. याला पॅरामीटर रिकव्हरी म्हणतात आणि हे डेटा गोळा करायच्या आधी करायचं असतं, नंतर नाही, कारण ट्रायल कमी पडतायत हे नंतर कळून काय उपयोग. मला नवीन टास्क करावा लागला, ट्रायल वाढवल्या, चांगलं बटण कुठलं ते मधेमधे बदललं, आणि फिट, म्हणजे डेटावरून अल्फा-बीटा काढणं, हायरार्किकल केला, म्हणजे एकेकट्या माणसाच्या अंदाजाला बाकी गटाचा टेकू मिळतो. या सगळ्यात सहा महिने गेले.

तुम्हाला हे सहा महिने वाचवायचे असतील तर रॉबर्ट विल्सन आणि अ‍ॅन कॉलिन्स यांचा २०१९ चा ईलाइफ या जर्नलमधला, मॉडेलिंगच्या दहा नियमांचा पेपर वाचा, फुकट आहे. मी तो आधी वाचला होता, हे सांगायला लाज वाटते, पण वाचला होता, खाली अंडरलाइन वगैरे करून. करून बघितलं नव्हतं.

अजून एक गंमत. एका पोराने पहिल्यापासून शेवटपर्यंत डावंच बटण दाबलं. त्याचं नशीब, डावंच चांगलं होतं. मॉडेलने त्याला भरमसाठ बीटा देऊन एकदम ठाम निर्णय घेणारा माणूस ठरवलं. नंतर विचारलं तर म्हणाला मेस बंद होत होती. तेव्हापासून मी फिट करायच्या आधी प्रत्येक माणसाचा कच्चा डेटा प्लॉट करून डोळ्यांनी बघतो, कितीही कंटाळा आला तरी. आणि मागचंच बटण परत दाबायची सवय मोजणारा एक वेगळा पॅरामीटर मॉडेलमध्ये घालतो, नाहीतर ती सवय शिकण्याच्या नावावर जमा होते.

कोडमधल्या दोन बारीक गोष्टी, कारण यात प्रत्येक जण अडकतो. माणसाच्या प्रत्येक निवडीला मॉडेल जी प्रोबॅबिलिटी देतं त्या एकमेकींत गुणू नका, हजार-दीड हजार ट्रायल झाल्या की कॉम्प्युटर सरळ शून्य दाखवतो, लॉग घेऊन बेरीज करा. आणि नुसतं नाणं उडवणाऱ्या मॉडेलचा आकडा आधी काढून ठेवा. ०.५ चा लॉग, उणे चिन्ह काढून, दर ट्रायलला ०.६९३, म्हणजे ६० ट्रायलला ४१.६. तुमच्या भारी मॉडेलचा हाच आकडा, म्हणजे निगेटिव्ह लॉग लाइकलीहूड, ४१ आला असेल तर त्या माणसाबद्दल तुम्हाला काहीही कळलेलं नाही, पुढे मॉडेलांची तुलना करणारे बीआयसीसारखे आकडे काढत बसू नका.

मग एवढा खटाटोप कशाला, साधी सरासरी काढून काय बिघडतं, असं सायकॉलॉजीवाले मित्र विचारतात. त्यांना मी आजीचं उदाहरण देतो. आजीला काही विचारलं की उत्तर उशिरा येतं आणि आपण म्हणतो वय झालं, डोकं हळू चालतं. रॉजर रॅटक्लिफ यांचं १९७८ चं डिफ्युजन मॉडेल उत्तराला लागलेला वेळ तोडून दाखवतं: पुरावा किती वेगाने जमतो, किती जमल्यावर माणूस बोलायचं ठरवतो, आणि बघण्यात नि बटण दाबण्यात जाणारा वेळ वेगळा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या लोकांवर काम केलं तेव्हा बऱ्याच टास्कमध्ये, सगळ्या नाही पण बऱ्याच, पुरावा जमायचा वेग तरुणांइतकाच निघाला. फरक होता तो सावधपणात आणि बघण्यात-बटण दाबण्यात जाणाऱ्या वेळात. आजी चुकायला तयार नसते म्हणून थांबते. सरासरी सेकंद बघून हे जन्मात कळलं नसतं, मला तरी या क्षेत्रात हेच सगळ्यात आवडतं.

अ‍ॅक्ट-आर बद्दलही विचारतात लोक. कार्नेगी मेलनच्या जॉन अँडरसन यांचं आर्किटेक्चर, सगळ्या मनाचा एकच सांगाडा, त्यात एक नियम चालायला ५० मिलिसेकंद धरतात. मूळ लिस्प या कंसांनी भरलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, ट्युटोरियल फुकट आहेत, एकदा करून बघा पण सुरुवात तिथून करू नका, कंसातच हरवाल.

शिकायला काय लागतं? पायथन किंवा आर, प्रोबॅबिलिटी पक्की, थोडं कॅल्क्युलस. इंजिनिअरांनो, तुम्हाला गणित येतं पण प्रयोग येत नाही, तेव्हा एखाद्या सायकॉलॉजीच्या लॅबमध्ये महिनाभर पार्टिसिपंटना खुर्चीवर बसवायचं काम करा, सूचना वाचून दाखवा, लोक किती वेगळं समजतात ते बघा. सायकॉलॉजीवाल्यांनो, तुम्ही उलटं करा, वडापावचं मॉडेल आधी एक्सेलमध्ये हाताने चालवा, २० ओळी, घाबरण्यासारखं काही नाही त्यात. २०२० पासून न्यूरोमॅच अकॅडमीचे ऑनलाइन समर कोर्स होतात, कम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचा त्यातला धरा, फी देशातल्या राहणीमानाप्रमाणे कमी करून मिळते.

आपल्याकडे अलाहाबाद विद्यापीठाचं बिहेवियरल आणि कॉग्निटिव्ह सायन्सेसचं सेंटर, आयआयटी कानपूर, आयआयटी गांधीनगर, हैदराबादमध्ये ट्रिपलआयटी आणि सेंट्रल युनिव्हर्सिटी, एवढी नावं तरी बघाच. मुंबई सोडायचीच नसेल तर मानखुर्दचं होमी भाभा सेंटर, पण तिथला भर मुलं विज्ञान-गणित कसं शिकतात यावर आहे. अ‍ॅडमिशनची पद्धत बदलत असते, सिनिअरचं ऐकून फॉर्म भरू नका, वेबसाइट उघडा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. जेआरएफ, म्हणजे पीएचडीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७ हजार, वर घरभाडं, तुमचे आयटीतले मित्र तोवर फ्लॅट बुक करत असतात. पीएचडीनंतर सगळेच प्रोफेसर होत नाहीत, माझ्या ओळखीतले दोघं प्रॉडक्ट कंपन्यांत यूएक्स रिसर्च, म्हणजे लोक प्रॉडक्ट कसं वापरतात त्याचा अभ्यास, करतायत, एक डेटा सायन्समध्ये आहे. ज्युनिअरला मी शेवटी एवढंच काम दिलंय की या शनिवार-रविवारी दोन गाड्यांचं मॉडेल लिही, खोटा डेटा बनव, आणि अल्फा परत मिळाला का ते मला सोमवारी कळव. अजून मेसेज आलेला नाही, बहुतेक मिळाला नसावा.