मांजरपाट कापण्याआधी एक धागा ओढा

फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षी ड्रेपिंगला (डमीवर, म्हणजे धडाच्या पुतळ्यावर, कापड बसवून कपडा घडवायला) मांजरपाट मीटरच्या मीटर लागतो, आणि बॉडिस, म्हणजे कपड्याचा कमरेवरचा भाग, डमीवर तिरकी बसली की सगळं पुन्हा. बऱ्याचदा चूक डार्टची (आकारासाठी शिवलेल्या टोकदार घडीची) नसतेच, कापड धाग्यावर, म्हणजे विणीच्या धाग्याच्या सरळ रेषेत, कापलेलं नसतं.

१. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. खळ निघते, आटायचं ते आधीच आटतं.

२. किनारीला छोटी चीर देऊन एकच आडवा धागा हलके ओढा. चुण्यांची रेघ उमटेल, तिच्यावरूनच कापा. धागा तुटला तर तिथपर्यंत कापून पुढचं टोक पकडा. घाई केली की तुटतोच.

३. इस्त्री उभ्या-आडव्या धाग्यानेच फिरवा, तिरकी नको.

रेशमी कापड मात्र असं भिजवू नका, पाण्याचे डाग पडतात.