स्नायूंतली जनुकं कामाला लावणारा व्यायाम

आठवड्यातून ५ दिवस ३० मिनिटं भराभर चाला; बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतका वेग ठेवा. या श्रमात एएमपीके हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि साखर आत घेणारी ग्लूट-४ प्रथिनं स्नायूपेशीच्या आवरणावर येतात, इन्शुलिनची वाट न पाहता. पुढच्या काही तासांत पीजीसी-१ अल्फा या जनुकाची क्रियाशीलता वाढते. नवे मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, घडवण्याचा हुकूम तिथून सुटतो.

अडचण इथेच आहे. ही लाट साधारण दिवसभरात ओसरते, इन्शुलिनला मिळणारा वाढीव प्रतिसाद २४ ते ४८ तासांत. म्हणून सलग २ दिवसांहून जास्त खाडा करू नका.

आठवड्यात २ दिवस जोर-बैठका: ८ ते १२ चे ३ संच, शेवटच्या दोन जड गेल्याच पाहिजेत. लगेच बर्फाच्या पाण्यात बसू नका, स्नायूंची वाढ मंदावते. क जीवनसत्त्वाच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्याही रोज कशाला? व्यायामाने दिलेला इशाराच त्या बोथट करू शकतात.

इन्शुलिन घेत असाल तर आधी साखर तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा. संध्याकाळी व्यायाम केलात तर साखर रात्री झोपेतही उतरू शकते.