गाडीत आणि डोंगरात जीपीएस: कुठला घ्यायचा, कसा वापरायचा

पावसाळा तोंडावर आला की ऑफिसात दोन-तीन जण तरी विचारतातच, अरे ट्रेकला जायचंय, जीपीएस कुठला घेऊ? आणि दिवाळीत कोकणात गाडी न्यायची ठरली की तेच लोक परत येतात. मी आधी उलटं विचारतो, जाणार कुठे आणि हातात फोन कुठला आहे, कारण बहुतेकांना वेगळं काही घ्यायची गरजच नसते, खिशातला फोन नीट सेट केला की भागतं. थोड्यांना मात्र खरंच लागतं, आणि ते का लागतं हे मला तोरणा-राजगडच्या धारेवर कळलं.

जुलै महिना, बुधला माचीवरून उतरून धारेने संजीवनी माचीकडे निघालेलो, धुकं असं की पुढच्याची सॅक दिसेना. माझा फोन सकाळी फुल चार्ज होता, दुपारी तीनला बारा टक्के. स्क्रीन ओली, त्यामुळे बोट लावलं की भलतंच उघडायचं, नकाशा आपोआप लहान-मोठा व्हायचा. एका ठिकाणी वाट फुटली, दोन्ही सारख्याच मळलेल्या, त्यातली एक नक्की ढोरवाट. आमच्याबरोबर एक काका होते, साठी कधीच ओलांडलेली, सॅकच्या पट्ट्याला जीपीएसचं बटणांचं पिवळं डबडं लटकवलेलं. मी म्हटलं, "काका, हे अजून चालतं?" तर म्हणे, "तुझं चालतंय का ते बघ आधी." दोन बटणं दाबली, त्यांनी स्वतःच डिसेंबरात चालून रेकॉर्ड केलेला ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेघ, स्क्रीनवर होता, म्हणाले डावीकडची. विषय संपला.

तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, तुमची जागा दाखवणारा ठिपका वेगळा आणि नकाशा वेगळा. ठिपका वरून येतो, साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून, त्याला सिम लागत नाही, नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. रेडिओसारखंच आहे, तुमचं यंत्र फक्त ऐकतं, तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला माहीतही नसतं. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा निघते. नकाशा मात्र कोणीतरी माणसाने बनवलेला असतो आणि तो बहुतेक वेळा नेटवरून फोनमध्ये येतो, म्हणून ताम्हिणीत रेंज गेली की कोऱ्या पडद्यावर एकटा निळा ठिपका राहतो आणि लोक ओरडतात, जीपीएस गेला! ठिपका तर तिथेच असतो की. आणि उलटही होतं, ठिपका बरोबर, नेट बरोबर, पण नकाशाला रस्त्याची आजची अवस्था माहीत नाही. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात मॅप दाखवेल तशी गेली आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली, एकाचा जीव गेला. ठिपका शेवटपर्यंत बरोबरच असणार.

गाडीसाठी म्हणाल तर वेगळं नेव्हिगेशन यंत्र विकत घ्यायचे दिवस माझ्या मते गेले. फोनवर गुगल मॅप्स आणि जोडीला मॅपल्स टाका, मॅपल्स ही मॅपमायइंडियाची. दोन्ही ठेवा कारण एकाला जो रस्ता कळत नाही तो कधीकधी दुसऱ्याला कळतो. घरून निघायच्या आधी वायफायवर ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, पुण्यापासून थेट माणगावपर्यंतचा चौकोन एकदाच ओढायचा, आणि तो काही काळाने एक्स्पायर होतो म्हणून अधूनमधून अपडेट मारायचा. ऑफलाइनमध्ये ट्रॅफिक दिसणार नाही आणि गुगलवर चालत जायचा रस्ताही मिळणार नाही, फक्त गाडीचा मिळतो, हे किल्ल्याच्या पायथ्याला पोचल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

गाडीत अँड्रॉइड स्टिरिओ बसवला असेल तर एक चीज तपासाच. त्याबरोबर काडेपेटीएवढा काळा चौकोनी डबा येतो, खाली लोहचुंबक, तो जीपीएसचा अँटेना. माझ्या गाडीत बसवणाऱ्याने तो स्टिरिओच्या मागे पत्र्याच्या फ्रेमला चिकटवून टाकला होता, दोन महिने माझी गाडी मॅपवर बाजूच्या सोसायट्यांमधून धावत होती. शेवटी मीच डॅशबोर्डचं कव्हर उचकटलं, वायर बाहेर काढली आणि डबा काचेच्या खाली कोपऱ्यात आकाश दिसेल असा ठेवला, त्याच दिवशी गाडी रस्त्यावर आली. बसवतानाच समोर उभं राहून सांगा, दादा तो वर काचेपाशी येऊ दे.

फोन लावायचा तर एसीच्या जाळीवरचा होल्डर घ्या, काचेवरचा नको, एप्रिल-मेमध्ये काचेवरचा फोन इतका तापतो की चार्जिंगच बंद पडतं. आणि पत्ता गाडी सुटायच्या आधी टाका. फोन फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष विचलित न होता वापरता येतो असं २०२० पासून नियमातच आहे, पण पोलिसमामांनी थांबवल्यावर मांडीवरचा फोन दाखवून हे समजावत बसू नका.

पुण्यातला खरा घोळ म्हणजे पूल. जीपीएसला उंची आडव्या जागेपेक्षा कमी अचूक कळते, त्यामुळे तुम्ही नळ स्टॉपला पुलावर आहात की पुलाखाली हे त्याला बऱ्याचदा कळतच नाही. चांदणी चौकात तर इतके रॅम्प एकमेकांवरून गेलेत की बाई "उजवीकडे वळा" म्हणेपर्यंत तुम्ही बावधनऐवजी मुंबईकडे लागलेले असता. माझे बाबा तिथे पोचले की म्हणतात, तिला गप्प कर आणि पाटी वाच. बाबांचं बरोबर आहे. हायवे की सर्व्हिस रोड, पुलावरून की खालून, हे घरी सोफ्यावर झूम करून एकदा बघून ठेवायचं. बोगद्यातही तेच, कामशेत किंवा भाताणच्या आत आकाशच नाही, ठिपका मागच्या वेगावरून अंदाजाने पुढे सरकत राहतो, बाहेर आल्यावर चार-पाच सेकंद त्याला सावरायला द्या.

बाइकवाल्यांनी मॅपमध्ये टू-व्हीलर मोड लावा, नाहीतर ते तुम्हाला सरळ एक्स्प्रेसवेवर पाठवणार, तिथे दुचाकीला बंदी आहे. महागडा फोन हँडलला नका अडकवू, मोटरसायकलच्या थरथरण्याने कॅमेरा खराब होऊ शकतो असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये सांगितलंय. घरातला जुना फोन सिम न घालता ऑफलाइन नकाशा टाकून हँडलला लावा, किंवा ब्लूटूथवर कानात नुसते बोल ऐका.

आता डोंगर. सिंहगड, लोहगड, विसापूर असलं करत असाल तर फोन पुरतो. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओसमअँड टाका, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात, त्यात लोकांनी पायवाटा भरलेल्या असतात आणि सगळं ऑफलाइन चालतं. जायच्या वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे आधी कोणीतरी चालून रेकॉर्ड केलेला ट्रॅक, आधीच उतरवून त्यात उघडून ठेवा. फाइल निवडताना तारीख बघा, कोणी मार्चमध्ये कोरड्या ओढ्यातून उतरला असेल तर तोच ओढा ऑगस्टमध्ये छातीएवढा असतो. एकाच वाटेचे दोन-तीन ट्रॅक एकावर एक टाकून बघा, जिथे तिन्ही एक होतात ती वाट, जिथे एकच फुटून कारवीत घुसलाय तिथे तो बहुतेक चुकलाय किंवा आडोशाला गेलाय.

फोनची बॅटरी वाचवायची तर पायथ्याला एअरप्लेन मोड, पण लोकेशन चालूच. माझा फोन धारेवर मेला तो जीपीएसमुळे कमी आणि रेंज शोधण्यामुळे जास्त, दरीत टॉवर सापडेना म्हणून बिचारा दिवसभर हाका मारत बसला होता. दुसरं, रेकॉर्डिंगच्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन ॲपच मारून टाकतो आणि संध्याकाळी बघावं तर ट्रॅकमध्ये पायथा आणि माथा यांच्यामध्ये एक सरळ रेघ! पॉवर बँक आणि केबल झिपलॉकच्या पिशवीत.

काकांच्या डबड्यासारखं वेगळं हँडहेल्ड युनिट कोणी घ्यावं? जो पावसात धारा आणि घाटवाटा करतो, रात्रीची कात्रज ते सिंहगड चाल करतो, दोन-तीन दिवस मुक्कामी जातो, किंवा ग्रुप घेऊन जातो. घेताना रंगीत नकाशा आणि किती हजार पॉइंट साठवतो याला भुलू नका. बटणं आहेत का बघा, कारण ओल्या बोटांनी आणि ग्लोव्हज घालून तीच चालतात. पाण्यासाठी निदान आयपीएक्स ७ हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि बॅटरी पेन्सिल सेलवाली असेल तर माझं मत तिलाच, गार्मिनचं ईट्रेक्स २२ एक्स दोन सेलवर पंचवीसेक तास चालतं असं कंपनी सांगते, आणि वेल्ह्याच्या किराणा दुकानात पॉवर बँक मिळो न मिळो, सेल मिळतात. त्याच्याच भावाला, ३२ एक्सला, हवेच्या दाबावर उंची मोजायची आणि उभ्या जागी दिशा दाखवायची सोय आहे, पैसे परवडत असतील तर घ्या, नसतील तर साधा होकायंत्र गळ्यात घाला. भारताचा तपशीलवार नकाशा आत असेलच असं धरून चालू नका, ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले फुकट नकाशे मिळतात, ते मेमरी कार्डावर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे की झालं.

बॉक्सवर ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदू, आपला इस्रोचा नाविक अशी जीपीएससारख्याच इतर उपग्रह यंत्रणांची यादी असते, जितके जास्त तितकं चांगलं. पण खरा फरक पडतो तो एल १ या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीबरोबर एल ५ ही दुसरीही ऐकणाऱ्या यंत्राने. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी दोन्हीकडे कातळ, सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि ठिपका पलीकडच्या कड्यावर उडी मारतो, एल ५ मुळे हे पुष्कळ कमी होतं. तुमच्या फोनला ते आहे का हे जीपीएसटेस्ट नावाच्या फुकट ॲपमध्ये दिसतं, आधी ते बघा, मग खर्चाचं.

एक गोष्ट मात्र अजिबात घेऊ नका. परदेशातून येणारे नातेवाईक प्रेमाने विचारतात, तुला ते रेंज नसतानाही मेसेज पाठवणारं इनरीच आणू का? नाही म्हणा. ते ऐकत नाही फक्त, उपग्रहाकडे पाठवतंही, आणि आपल्याकडे परवानगीशिवाय असं सॅटेलाइट यंत्र बाळगणं बेकायदा आहे, एअरपोर्टवर परदेशी ट्रेकर ताब्यात घेतले गेलेत.

वापरायची पद्धत आता. खूप दिवसांनी चालू केलं की घाई नको, मोकळ्या जागी ठेवा आणि चहा प्या, अगदी कोरं असेल तर उपग्रहांची पूर्ण माहिती उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन नेटवरून ती आयती घेतो म्हणून लवकर लागतो. यंत्र पँटच्या खिशात नको, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला वर. गाडी लावली तिथे पहिला वेपॉइंट, म्हणजे नाव देऊन साठवलेली जागा, मग शेवटचं घर, मग प्रत्येक फाटा, पाण्याचं टाकं, खिंड. नावं अशी द्या की दमल्यावरही कळतील, "००१" म्हणजे काय हे संध्याकाळी सहा वाजता कोणालाही आठवत नाही.

आणि "गो टू" लावून बाणामागे चालू नका. तो हवेतून सरळ रेघ दाखवतो, सह्याद्रीत चारशे मीटर लिहिलेलं असतं आणि मध्ये तेवढीच खोल दरी असते. परतायचं असेल तर ट्रॅकबॅक, म्हणजे आलो तीच रेघ उलटी. धुक्यात वाट हरवली तर नवीन वाट शोधत खाली सुटायचं नाही, ठिपका आपल्या जुन्या रेघेवर परत येईपर्यंत मागे फिरायचं, मग विचार करायचा.

कधी मदत बोलवायची वेळ आली, ११२ ला किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या रेस्क्यू टीमला, तर अक्षांश-रेखांश सांगताना पद्धतही सांगा. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०, ते कोणी घाईत १८.३० लिहून घेतलं तर जागा बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकते, म्हणजे तुम्ही स्वारगेटला आणि लोक तुम्हाला शोधतायत खेड शिवापूरच्या पुढे. सेटिंगमध्ये दशांश पद्धत लावून टाका, सगळ्या ग्रुपने तीच. जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षणाच्या कागदी नकाशावरून, आकडे काढत असाल तर ती एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर आहे, यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर, आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो, कड्याजवळ तो खूप झाला.

हे सगळं पहिल्यांदा राजगडावर करून बघू नका. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जा, गेटपाशी वेपॉइंट टाका, तासभर भटका, आणि ओळखीची वाट सोडून ट्रॅकबॅकने परत या. दोनदा केलं की हात बसतो.

पावसाळा संपला की सेल काढून ठेवा. काकांनी ते पिवळं डबडं नंतर मला देऊन टाकलं, मी शहाण्याने सेल आतच ठेवून कपाटात टाकलं, सहा महिन्यांनी उघडलं तर स्प्रिंगवर पांढरं-हिरवं फुललेलं. कान कोरायच्या काडीला लिंबाचा रस लावून घासलं, कोरड्या कापडाने पुसलं, दिवसभर उघडं ठेवलं आणि नवे सेल घातले. तिसऱ्या वेळी बीप झालं. काकांना अजून सांगितलेलं नाही.