रिव्हर्स पडेना, पण दोष गिअरबॉक्सचा नव्हता

आमच्या जुन्या पिकअपला रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज यायचा. साताऱ्यातल्या मिस्त्रींनी थेट गिअरबॉक्स उतरवायची भाषा केली. पोटात गोळाच आला. पण इंजिन बंद असताना रिव्हर्स अलगद पडत होता. म्हणजे पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता, इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे जातच राहायचा. पेडल निम्मं नुसतंच खाली जायचं, केबल ढिली.

चेकनट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करून केबलचा ॲडजस्टर फिरवला. हावरेपणानं जरा जास्तच ताणली, तर यवतेश्वरच्या घाटात क्लच घसरायला लागला. इंजिन नुसतं बोंबलतंय अन् गाडी चढेना! जळका वास आल्यावर तिथंच उतरून दोन आटे परत सोडले, पेडलला साधारण 20 मिमी मोकळी चाल ठेवली.

आता रिव्हर्स टाकण्याआधी क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबतो. आमच्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरांचा वेग जुळवून देणारा भाग, नाही; म्हणून आतले गिअर फिरायचे थांबू द्यावे लागतात.