पाळीव पक्ष्याला दुसरं घर शोधताय? या चुका टाळा

‘कॉकाटील द्यायचा आहे, पिंजऱ्यासकट, रविवारच्या आत घेऊन जावा.’ मी पक्ष्यांना दुसरं घर शोधायला मदत करते आणि एप्रिल-मे आला की माझ्याकडे असे निरोप सुरू होतात. कुणाची बदली झालेली असते, कुणाकडे बाळ येणार असतं, कुणाच्या मुलाची हौस दहावीच्या वर्षात संपलेली असते. पक्षी द्यावा लागणं हा गुन्हा नाही. कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो, आफ्रिकन ग्रे पोपट ४० वर्षांच्याही पुढे जातो, आणि तेवढ्या काळात माणसाचं घर, नोकरी, तब्येत सगळंच बदलतं. मला राग येतो तो ‘रविवारच्या आत’चा. बदलीचं पत्र हातात पडल्यापासून निघेपर्यंत मधे बराच वेळ असतो, पक्ष्याची आठवण मात्र टेम्पो ठरवल्यावर होते.

आधी एक गोष्ट बघा: पक्षी कुठला आहे? आपला हिरवा पोपट, मग तो साधा असो, करण पोपट असो की तुईया, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. तो पाळता येत नाही, विकता येत नाही, कुणाला भेटही देता येत नाही. त्याच्यासाठी नवं कुटुंब शोधू नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. भीतीपोटी गुपचूप मावशीकडे पाठवलात तर एकाऐवजी दोन घरं अडकतात. सन कोन्यूर, मकाव, आफ्रिकन ग्रे हे पोपट परदेशी असले तरी साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर लागते आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला की तेही कळवावं लागतं. कॉकाटील आणि बजरी (बजरिगार हा चिमुकला पोपट) त्या यादीत नाहीत.

‘सोडून देतो, उडून जाईल’

कृपा करून नको. पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरीला दाणा वाटीत असतो एवढंच ठाऊक असतं. बाहेर पाणी कुठे, रात्री बसायचं कुठे, घार दिसली की काय करायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. पिवळीधमक बजरी गच्चीवरून उडाली की कावळे मिनिटांत मागे लागतात. अमावास्येला किंवा वाढदिवसाला ‘पुण्य’ म्हणून पक्षी सोडणाऱ्यांनी खाली उतरून पाच मिनिटं बघावं.

भरलेली दिसणारी वाटी

ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे, म्हणून सविस्तर सांगते. ठाण्यातल्या एका कुटुंबाने आपला कॉकाटील डोंबिवलीच्या ओळखीच्या घरी दिला. देणारी माणसं प्रेमळ, घेणारी त्याहून प्रेमळ. नवा पिंजरा आणला होता, मुलांनी नाव ठेवलं होतं. रोज फोनवर विचारपूस व्हायची, ‘खातोय ना?’ ‘हो, वाटी भरलेली आहे.’ आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मला फोन आला की पक्षी तळाला फुगून बसलाय, डोळे मिटतोय. मी गेले. वाटी खरंच काठोकाठ होती. फुंकर मारली तर सगळी टरफलं उडाली, खाली चिमूटभर धूळ.

कॉकाटील आणि बजरी दाणा चोचीत धरून सोलतात, आतला गर खातात आणि टरफल बहुतेक वेळा वाटीतच टाकतात. वरून बघणाऱ्याला राळ्याचं टरफल आणि राळ्याचा दाणा सारखाच दिसतो. त्या घरात रोज पाणी बदललं जात होतं, पण नवे दाणे कुणी घातलेच नव्हते. पक्षी हातात घेतला तर छातीचं हाड बोटाला धारेसारखं लागत होतं. डॉक्टरांनी ऊब दिली, नळीने भरवलं, म्हणून वाचला. तो आजही त्याच घरी आहे आणि त्याची फार छान काळजी घेतात. दोष त्यांचा नव्हताच. देणाऱ्याला ही गोष्ट इतकी सवयीची होती की सांगायचं सुचलंच नाही.

म्हणून माझा हट्ट असतो की देण्याआधी एका कागदावर दिवसभराचं सगळं लिहा. दाणे कुठले, किती, किती वाजता. कोथिंबीर खातो की शेवग्याचा पाला, मक्याचं कणीस कसं देता. पिंजऱ्यावर झाकण कधी घालता, रात्री दचकून फडफडतो का, बारीक दिवा ठेवता का. पहिल्या ओळीत मात्र लिहा: रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा. जुनेच दाणे महिनाभर पुरतील एवढे सोबत द्या. ‘सूर्यफुलाच्या बिया बंद, आता पौष्टिक खाऊ’ असा उत्साह पहिल्या आठवड्यात नको. अनोळखी खाणं पक्ष्याला खाणं वाटतच नाही, समोर असून तो उपाशी राहतो.

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटाही मी वापरायला सांगते. देताना वजन लिहून ठेवा, नंतर रोज सकाळी एकाच वेळी करा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. दहा टक्के घटलं की थांबायचं नाही, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पक्षी आजार लपवतो. तो फुगून तळाला बसलेला दिसतो तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

पहिला फोन करणाऱ्याला देऊन टाकणं

फुकट पक्षी म्हटलं की पुन्हा विकणारेही फोन करतात. ‘नर की मादी?’ आणि ‘पिंजरा केवढ्याचा?’ एवढंच विचारणाऱ्याला मी नाही म्हणते. खायला काय लागतं, एकटा किती वेळ राहतो, चावतो का, हे विचारणारा माणूस मला हवा. आणि त्याचं घर बघितल्याशिवाय पक्षी जात नाही. यावर लोक चिडतात, ‘एवढ्याशा पक्ष्यासाठी इतकं काय’ म्हणतात. ज्याला अर्ध्या तासासाठी पाहुणा घरात नको, त्याच्याकडे पक्षी पंधरा वर्षं कसा राहणार?

घरात मी आधी छताचा पंखा बघते. पक्षी बाहेर सोडायचा तर पंखा बंद, हे त्या घरात सगळ्यांना मान्य हवं, आजोबांनासुद्धा. मग स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा रिकामा तापून राहिला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा तिथून जितका लांब तितका बरा. उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल यांचा धूरही त्याच्या खोलीत नको.

जोडी असेल तर जोडीनेच द्या. एक इकडे, एक तिकडे हा हिशोब माणसांच्या सोयीचा आहे.

चावतो, किंचाळतो, पिसं उपटतो, हे लपवू नका. नव्या घरी ते दुसऱ्याच दिवशी कळतं आणि पक्षी तिसऱ्या घरी निघतो.

दुचाकीवर उघडा पिंजरा धरून नेऊ नका. लहान पिंजरा घ्या, त्यावर सुती कापड टाका, सकाळची वेळ गाठा आणि पाण्याच्या भांड्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवा.

नव्या घरी आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायचं. आधी जुन्यांचं करायचं, मग नव्याचं, आणि मधे हात धुवायचे. ‘एकमेकांना बघून रमतील’ म्हणून पहिल्याच संध्याकाळी एका पिंजऱ्यात घालणारे आजार सगळ्या घराला देतात. पोपटवर्गाचा एक ताप माणसालाही होतो, तेव्हा सुकलेली विष्ठा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि देताना स्पष्ट बोलून ठेवा: ‘नाही जमलं तर परस्पर कुणाला देऊ नका, आधी मला फोन करा.’ मग तो फोन आला की उचला.